कासवाची साक्ष

खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नसतो. वर्षभर राबलेले घण, हातोडे धुऊन पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि हात जोडून मागे सरायचं. कोल्हापूरजवळच्या ओतकाम वसाहतीत हा नियम मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे पाळतात. देव न मानणारेही पाळतात, कारण सुट्टी कुणाला नको असते? त्या वर्षी मात्र हातोडे पाटावरून उचलले गेले आणि गळ्यातल्या माळांसकट चालले. संध्याकाळी फरशीवर पाकळ्या कुठल्या आणि रक्त कुठलं, ते वाकून बघावं लागत होतं.

ते कुणावर चालले, हे सांगायचं तर आधी कासवाचं सांगायला हवं.

या वसाहतीत नवी फौंड्री निघाली की पहिलं ओतकाम गिऱ्हाइकाचं करत नाहीत. लहान मुशीत थोडं लोखंड वितळवून एक कासव ओततात आणि ते दाराशी, उंबऱ्याला लागून बसवतात. मुशीतलं लोखंड आपल्या माणसांनी आणायचं. पहिला मान जावयाचा, मग भाऊबंदांचा, मग कामगारांचा. प्रत्येकाने आपलं लोखंड फडक्यात बांधून आणायचं आणि फडक्यासकट मुशीत सोडायचं. आत काय होतं ते कुणी विचारायचं नाही आणि देणाऱ्याने बोलून दाखवायचं नाही. दिलेलं बोलून दाखवलं की ते दान राहत नाही. पुढे कधी भांडण झालं, व्यवहार फिसकटला, तर त्या कासवावर हात ठेवून शपथ घ्यायची. कासवावर हात ठेवून खोटं बोललेला माणूस वसाहतीत कुणी पाहिलेला नव्हता. निदान सगळे सांगायचे तसं.

इंद्रजित शिंत्रेच्या फौंड्रीचं कासव ओतलं, त्या दिवशी त्याची थोरली बहीण स्वरूपा मुशीशेजारी उभी होती. धातुशास्त्र शिकलेली बाई. भावाच्या फौंड्रीची भट्टी आणि प्रयोगशाळा दोन्ही तीच बघणार होती. जावयाचं लोखंड घेऊन पुढे आला तो तिचा नवरा, धैर्यशील. फडकं जड होतं. त्यात काय आहे ते त्या गर्दीत फक्त तिला माहीत होतं, कारण आदल्या दिवशी त्यांच्याच अंगणात त्याने ते कापलं होतं.

ते एक दातेरी चाक होतं, त्याच्या लेथमधलं. धैर्यशील ज्या पंपाच्या कारखान्यात होता तो परदेशाशी झालेल्या व्यापार करारात बुडाला. करार झाला तेव्हा देशभर पेढे वाटले गेले. आपली औषधं, आपली संगणकाची कामं तिकडे जाणार आणि तिकडचं ओतकाम बिनजकातीचं इकडे येणार, असा तो सौदा. पेढे वाटणाऱ्यांत ओतकामवाला एकही नव्हता. तिकडच्या सरकारने कारखान्यांना वीज जवळजवळ फुकट दिलेली. आपल्या भट्टीचं नुसतं वीजबिल जेवढं, तेवढ्यात तिकडचा अख्खा पंप बंदरात उतरायचा. हातची भाकरी गेली आणि वर टीव्हीवरचे विद्वान सांगत राहिले, की ग्राहकाचा फायदा झाला. जणू फौंड्रीतला माणूस कुणाचा ग्राहक नसतोच.

कारखाना बंद झाला त्या दिवशी यंत्रं भंगारात निघाली. धैर्यशील आपल्या लेथमधलं ते चाक पोटाशी धरून घरी आला आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोसमोर ढसाढसा रडला. पुढे मेव्हण्याने फौंड्री काढली तेव्हा त्याने चाकाचे दोन तुकडे केले. अर्धं सासरच्या मुशीत गेलं, अर्धं त्याने देव्हाऱ्यात ठेवलं.

"दाजी, एवढं जड काय आणलंय?" इंद्रजितने हसत विचारलं होतं.

"विचारायचं नसतंय, भावा," धैर्यशील म्हणाला आणि फडकं मुशीत सोडलं. त्या कासवात त्याच्याच लोखंडाचा भाग सगळ्यात मोठा होता. बाकीच्यांनी आणले ते खिळे, कड्या आणि विळ्याची पाती.

मग निवडणूक आली आणि सरकारला कामगार आठवला. करार मोडला, बाहेरच्या ओतकामावर जबर जकात बसली. वसाहतीत गुलाल उधळला गेला. पण चोराच्या हजार वाटा. बाहेरचाच माल तिसऱ्या देशातून फिरून, नवे छाप मारून येऊ लागला. पंपावर 'स्वदेशी' लिहायला कुणाच्या बापाचं काय जातं? तेव्हा दिल्लीने ते यंत्र आणलं.

कागदावर त्याचं नाव जन्मखूणदर्शक. वसाहतीत त्याला बंदूक म्हणत, कारण ती दिसायचीच तशी. तिच्यामागचं शास्त्र खरं आणि सुंदर होतं. जमिनीतून निघणाऱ्या खनिज लोखंडात दुसऱ्या धातूंचे अतिसूक्ष्म अंश असतात. त्यातल्या एकाच धातूचेही काही अणू हलके, काही किंचित जड असतात, आणि हलक्या-जडांचं प्रमाण प्रत्येक खाणीगणिक निराळं असतं. लोखंड वितळवा, ओता, कापा, रंगवा. ते प्रमाण सहसा बदलत नाही. बंदुकीचा किरण खसखशीएवढ्या जागेची वाफ करायचा, त्या वाफेतले अणू तोलायचा आणि जगभरच्या खाणींच्या नकाशाशी, शिवाय आधीच्या नमुन्यांशी ताडून बघायचा. देशातलं असलं तर हिरवा दिवा, बाहेरचं असलं तर तांबडा.

बंदूक खोटं बोलत नव्हती. तिला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. लोखंडाचा जन्म कुठल्या खाणीत झाला ते ती सांगायची; वस्तू कुणाच्या हातांनी घडली ते तिला काय ठाऊक? आपल्या फौंड्र्या चालतात भंगारावर. त्या भंगारात जुन्या गाड्या, फुटलेली जहाजं, रेल्वेचे रूळ, सगळ्या जगाचं लोखंड गेली शंभर वर्षं एकमेकांत मिसळत आलेलं. एका घाण्यात दिवा हिरवा, तर त्याच भट्टीच्या पुढच्या घाण्यात तांबडा. स्वरूपाने हे पहिल्याच महिन्यात ताडलं आणि दिल्लीला कळवलं. उत्तर आलं, की आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.

सरकारने पुढे आणखी एक शहाणपणा केला. तपासायला माणसं पुरेनात, म्हणून बंदुका कामगारांच्या पहारा पथकांना दिल्या. ज्या फौंड्रीत तांबडा दिवा लागेल तिला टाळं ठोकायचं आणि तिच्या ऑर्डरी शेजारच्या फौंड्र्यांना वाटून द्यायच्या. म्हणजे शेजाऱ्याचं घर जळालं, की आपली चूल पेटणार. मग जाळायला माणसं कमी पडतील होय?

वसाहतीच्या पथकाचा म्होरक्या धैर्यशील. माणूस सरळ होता आणि हीच पंचाईत होती. लाच घेत नव्हता, कुणाला सोडत नव्हता. पहिल्यांदा फौंड्र्यांना टाळी लागली. मग टाळं लावू न देणाऱ्या एका मालकाचा हात मोडला. मग एक ट्रक पेटवला, आत ड्रायव्हर झोपला होता. त्या दिवशी धैर्यशील घरी आला तो सदऱ्याला जळकट वास घेऊन, आणि हात धुऊन जेवायला बसला.

"माणूस मेला, आणि तुम्हाला घास गिळतोय?" स्वरूपाने ताट पुढ्यातून ओढून घेतलं.

"आमी मेलो तवा कोण रडलं?" तो शांतपणे म्हणाला. "माझ्याबरोबरच्या तिघांनी फास लावून घेतला. त्यांच्या दारात कोण आलं व्हतं? मंत्री?"

"त्या ट्रकातला माल इथलाच होता. मी स्वतः तपासलाय. भंगारात बाहेरचं लोखंड होतं, एवढंच. उद्या तुमचा हातोडा तपासा, तोपण तांबडाच दाखवेल."

"तुझं शास्त्र तुझ्या लॅबात ठेव. माल लपवता येतोय म्हणून तर घोळ होतोय." त्याने ताट परत पुढ्यात ओढलं. "आता म्या नवा नियम काढलाय. माल तपासायचाच न्हाई. पहिल्यांदा कासव तपासायचं. माल लपंल, कागद खोटा निघंल. उंबऱ्यावरचं कासव कोण बदलणार?"

कासवात काय आहे हे हा विसरला की काय? स्वरूपा म्हणाली, "इंद्राच्या कासवात काय गेलंय, ते आठवतंय ना?"

"काय गेलंय? माझं लोखंड गेलंय," तो म्हणाला आणि छाती पुढे काढून हसला. ज्या लेथवर त्याने उमेदीची वर्षं घालवली तो जर्मनीहून आलेला, हे त्याला ठाऊक होतं. लेथवरची पाटी तोच रोज पुसायचा. पण आपल्या हातांनी झिजलेलं चाक परकं असेल, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. तिने समजावायला तोंड उघडलं तेव्हा तो उठून गेला होता.

दोन-तीन फौंड्र्यांत कासवावर तांबडा दिवा लागला आणि त्या बंद पडल्या. मग कुजबूज सुरू झाली, की म्होरक्याच्या मेव्हण्याला सूट आहे. पथकात सर्जेराव नावाचा दांडगा ओतारी होता. त्याने ते चारचौघांत तोंडावर म्हणून दाखवलं. धैर्यशीलच्या मानी स्वभावाला तेवढं पुरे होतं.

"खंडेनवमीला येतो," तो सर्जेरावला म्हणाला. "कासव धुतलेलं असतंय. सगळ्यांसमोर तपासू."

त्या दिवशी दुपारी इंद्रजितच्या फौंड्रीत पूजा आटोपली होती. कामगार प्रसाद घेऊन आपापल्या घरी गेलेले. इंद्रजित कासवापुढे रांगोळी नीट करत होता आणि स्वरूपा नैवेद्याची ताटं उचलत होती. फाटकातून पथक आत आलं आणि त्याच्यामागून निम्मी वसाहत.

"या दाजी," इंद्रजित उठला. "प्रसाद घ्या की."

"घेतो. आधी हे उरकू." धैर्यशीलने वाकून कासवाला हात लावला, तो कपाळाला नेला आणि बंदूक पाठीवर टेकवली. त्याच्या तोंडावर हसू होतं. किरण सुटल्याचा बारीक 'चट' आवाज ऐकू आला.

दिवा तांबडा लागला.

त्याने पुन्हा टेकवली. पुन्हा तांबडा. धैर्यशीलच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले, आणि ते बदलताना स्वरूपाने पाहिले. त्याला चाक आठवलं होतं.

"यंत्र बिघडलं असंल," इंद्रजित म्हणाला. "दाजी, हे माझं भंगार गावच्याच बाजारातलं आहे. कागद दावतो."

"कागद?" सर्जेरावने बंदूक काढून घेतली. "कासव लबाड म्हंजे मूळच लबाड. आमची पोरं उपाशी, आन् हा भाड्या बाहेरचं लोखंड उंबऱ्यावर पुजतोय!"

पहिला दगड कुणी मारला ते नंतरच्या चौकशीत कळलं नाही. इंद्रजितच्या कपाळातून रक्त आलं. स्वरूपा ताटं टाकून मध्ये शिरली.

"थांबा! त्या कासवातलं लोखंड इंद्राचं नाही, जावयाचं आहे. त्याचं!" तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. दिलेलं लोखंड बोलून दाखवायचं नसतं; पण रीत पाळायची की भाऊ? "त्याच्या लेथचं चाक आहे ते. सांगा यांना! आणि तुमचे स्वतःचे हातोडे तपासा. तेपण तांबडे निघतील. सगळ्यांचंच लोखंड मिसळलेलं आहे!"

सगळ्या माना धैर्यशीलकडे वळल्या. 'होय' एवढा एक शब्द बोलायचा होता. बोलला असता तर कदाचित त्याला मार पडला असता, पथक गेलं असतं, आणि बंद पाडलेल्या फौंड्र्या, मोडलेले हात, ट्रकातला तो ड्रायव्हर, सगळं व्यर्थ होतं हे त्याच तोंडाने कबूल करावं लागलं असतं.

"दाजी," इंद्रजित म्हणाला. रक्त डोळ्यांत उतरत होतं, ते तो बाहीने पुसत होता. "बोला की."

धैर्यशीलने खाली बघितलं.

"खोटं बोलतीया," तो म्हणाला. "भावाला वाचवायला."

गर्दीला तेवढंच हवं होतं. पाटावरचे हातोडे उचलले गेले. इंद्रजित आत पळाला, साच्यांच्या रांगेत अडखळला आणि वाळूवर पडला. पहिला घाव गुडघ्यावर बसला. तो ओरडला ते "आक्का!" असं. स्वरूपा त्या दिशेने झेपावली, कुणीतरी तिला केस धरून मागे फेकलं. हातातल्या बांगड्या फुटून मनगटात घुसल्या.

तिला एकच सुचलं. घर नाल्यापलीकडेच होतं. ती धावत सुटली, अनवाणी, रस्त्यातल्या झेंडूच्या ढिगांवरून, रांगोळ्या तुडवत. देव्हाऱ्यात अर्धं चाक होतं, सकाळीच धैर्यशीलने स्वतः धुऊन त्याला कुंकू लावलेलं. तिने ते पदरात घेतलं आणि परत फिरली. चाक जड होतं आणि धावताना मांडीवर आदळत होतं. एकदा दाखवलं की थांबतील, एवढंच ती स्वतःशी म्हणत होती.

फौंड्रीत ती शिरली तेव्हा गर्दी थांबलेलीच होती. मारायला काही उरलं नव्हतं. इंद्रजितचा चेहरा ओळखू येत नव्हता; तिने त्याला ओळखलं ते पायातल्या नव्या चपलेवरून, ती तिनेच उद्याच्या दसऱ्यासाठी घेतलेली. साच्याच्या काळ्या वाळूने रक्त ओतीव लोखंडासारखंच पिऊन टाकलं होतं. धैर्यशील भिंतीशी टेकून उभा होता. त्याच्या हातात हातोडा नव्हता. त्याच्या बाजूने मांडण्यासारखी तेवढीच एक गोष्ट होती.

वाचवायला आता कुणी नव्हतं. इथून ती घरी जाऊ शकत होती. चाक नाल्यात टाकून जाऊ शकत होती. स्वरूपाने ते सर्जेरावच्या पायाशी, कासवाशेजारी टाकलं.

"लाव बंदूक," ती म्हणाली.

सर्जेराव धापा टाकत होता. त्याने काय, कशाला, असं काहीच विचारलं नाही. पथकात राहून एवढा एकच उद्योग त्याच्या अंगवळणी पडला होता. बंदूक चाकाला टेकली. तांबडा दिवा लागला आणि त्याच्याखाली अक्षरं उमटली. त्याने ती मोठ्याने वाचली.

"आधीच्या नमुन्याशी जुळतंय." तो चाकाकडे बघत राहिला. "हे कुटलं?"

"माझ्या देव्हाऱ्यातलं. कुंकू कुणी लावलंय, त्याला विचार."

एकेक जण धैर्यशीलकडे वळला. जो माणूस आपल्याला एका निरपराधाचा जीव घ्यायला लावतो त्याच्याइतका राग जगात दुसऱ्या कुणाचा येत नाही. तो राग स्वतःवरचाही असतो, पण स्वतःवर हातोडा कोण चालवतो?

"ऐका," धैर्यशील म्हणाला. तो भिंतीला धरून बाजूला सरकत होता. "ऐका माझं. ते चाक जुनं हाय. त्यात गुन्हा काय न्हाई. सगळ्यांचंच लोखंड मिसळलेलं असतंय. तुमचे हातोडे तपासा! तपासा की! तेबी तांबडंच दावतील!"

सर्जेराव घोटाळला. त्याने हातातल्या हातोड्याकडे बघितलं, मग बंदुकीकडे. एवढ्या गर्दीत हे खरं की खोटं ते सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि सगळ्यांना ते माहीत होतं. धैर्यशीललाही.

"स्वरूपा," तो म्हणाला, "सांग यांना. तू शिकलीयास. तुजं ऐकतील."

ती भावाजवळ बसली होती. त्याचं डोकं मांडीवर घ्यावं, तर धरायचं कुठे ते कळत नव्हतं. तिने नवऱ्याकडे वर पाहिलं. त्याच्यावर तिचं प्रेम होतं. कारखाना बंद झाला त्या दिवशी तो रडला होता तेव्हा त्याला छातीशी तिनेच धरलं होतं. हेही तिला त्या क्षणी आठवत होतं.

"खोटं बोलतोय," ती म्हणाली. "जीव वाचवायला."

फार वेळ लागला नाही. तो एकदाच ओरडला.

पोलिस आले तेव्हा गर्दी पांगली होती, दोन प्रेतांजवळ एकटी तीच उरली होती. हातोडे जिथल्या तिथे टाकलेले, माळा केसांना आणि मांसाला चिकटलेल्या. स्वरूपा त्या सगळ्यांतून बंदूक घेऊन फिरत होती. एकेका हातोड्याशी बसायची, किरण सोडायची, दिवा बघायची, पुढच्याकडे जायची. सर्जेरावचा हातोडा तांबडा. त्याच्या शेजारचा तांबडा. एखादा हिरवा, की पुन्हा तांबडा. फाटकाची कडी तांबडी.

"बाई, ते खाली ठेवा," फौजदार म्हणाला. "हात पुढे करा."

तिने हात पुढे केले. बेडी लागली तेव्हा बंदूक अजून तिच्या मुठीतच होती. तिने मनगट वळवून नळी बेडीला टेकवली, आणि फौजदारही खाली वाकून कुठला दिवा लागतो ते बघू लागला.